चौसष्ट घरांची संख्या आतून कशी दिसते

१८४४६७४४०७३७०९५५१६१५.

ही वीस आकडी संख्या बहुतेकांना एका गोष्टीतून भेटते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचं. सगळ्या घरांतले दाणे मिळून ही संख्या होते. गोष्टीतल्या राजाची कोठारं रिकामी होतात आणि गोष्ट तिथेच संपते. मला मात्र वाटतं, खरी मजा त्यानंतर सुरू होते. ही संख्या नुसती मोठी नाही, तिची बांधणी फार सुरेख आहे. आठवीतलं मूल कागद-पेन्सिल घेऊन तिचे जवळजवळ सगळे तुकडे करू शकतं. उरलेला एक तुकडा फोडायला ऑयलरसारखा थोर गणिती लागला.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती तेव्हा आम्ही खरोखरच पट मांडून तांदळाचा डबा काढला. पहिली ओळ हाताने भरली: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. शेवटच्या घरात दाणे मावेनात, म्हणून तिथे वाटी ठेवली. आठ घरांचे मिळून २५५ दाणे झाले, म्हणजे एक-दीड चमचा तांदूळ. दुसऱ्या ओळीत मोजण्याचा नाद सोडला आणि वजनाचा हिशेब धरला. एका ग्रॅममध्ये साधारण ४० दाणे धरले, तर दोन ओळी संपेपर्यंत ६५,५३५ दाणे होतात, म्हणजे दीड किलोच्या थोडं वर. तीन ओळींना ४२० किलो, पन्नास किलोची आठ पोती आणि वर थोडे. चार ओळींना, म्हणजे अर्ध्या पटाला, १०७ टन. दहा टनांचे जवळपास अकरा ट्रक.

"म्हणजे पूर्ण पटाला बावीस ट्रक?" तिने विचारलं.

नाही. पूर्ण पटाला ४६ हजार कोटी टन लागतात. सगळ्या जगात वर्षाला साधारण पन्नास कोटी टन तांदूळ पिकतो, म्हणजे हे जगाचं नऊशे वर्षांचं पीक झालं. "अर्धा पट" हे शब्दच इथे फसवे आहेत. घरं अर्धी झाली तरी दाणे अर्धे होत नाहीत. हा मुद्दा लक्षात असू द्या, संख्या फोडायची किल्ली त्यातच आहे.

आधी बेरीज. "मामा, चौसष्ट आकडे एकाखाली एक लिहून मिळवायचे?" हा प्रश्न रास्त होता. त्याची गरज नाही, एक दाणा उसना घ्यायचा. तो पहिल्या घरात टाकला की तिथे दोन दाणे होतात, दुसऱ्या घरात आहेत तेवढेच. ते दोन उचलून दुसऱ्या घरात टाकले की चार, तिसऱ्या घराएवढे. ते चार तिसऱ्यात टाकले की आठ. अशी सगळी रास पुढे ढकलत नेली की चौसष्टाव्या घरात दुप्पट ढीग होतो, म्हणजे पासष्टावं घर असतं तर त्यात जेवढे दाणे असते तेवढे. तो आकडा म्हणजे २चा ६४वा घात. उसना दाणा परत केला की आपली संख्या हाती येते: २चा ६४वा घात, वजा एक.

आता २ला चौसष्ट वेळा गुणत बसायचं का? तेही नाही. वर्ग करत जायचं. २चा वर्ग ४, ४चा १६, १६चा २५६, २५६चा ६५,५३६, त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि त्याचा वर्ग म्हणजे २चा ६४वा घात. सहा गुणाकार, संपलं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) गुणोत्तर श्रेढीसाठी (प्रत्येक पद आधीच्या पदाच्या ठरावीक पट असलेल्या रांगेसाठी) नेमकी हीच रीत आहे: पदांची संख्या सम असेल तर अर्धी करून 'वर्ग' लिहा, विषम असेल तर एक वजा करून 'गुणक' लिहा, मग शेवटून सुरुवातीकडे तसं करत या. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे इथे आहे.

लीलावतीतलं या रीतीचं उदाहरण मला फार आवडतं. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं कबूल केलं, तर महिन्यात किती निष्क होतील? तीस दिवसांच्या कवड्या होतात २१४७४८३६४६. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क, या हिशेबाने १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या.

संगणकाशी ज्यांचा संबंध येतो ते कवड्यांच्या त्या आकड्यावर थबकतील. ३२ बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १ची एक जागा) अधिक-उणे चिन्हासह मावणारी सगळ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७ आहे. दात्याच्या कवड्या तिला एकच कमी पडतात. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याच्या प्रेक्षकांची गणती याच आकड्यापलीकडे गेली, तेव्हा तिथली मोजणी ६४ बिटांची करावी लागली होती. जी जुनी यंत्रं १९७०पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात, त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी याच आकड्याला येऊन अडेल.

६४ बिटांत चिन्हाशिवाय मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे आपली पटाची संख्या. पटाचं प्रत्येक घर म्हणजे एक दिवा समजा, लागलेला किंवा विझलेला. चौसष्ट दिवे एकदम लावले की १८४४६७४४०७३७०९५५१६१५. दशमान पद्धतीत तिचे अंक कसेही विखुरल्यासारखे वाटतात, फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती म्हणजे ओळीने चौसष्ट एक.

वाचायची कशी? आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. लीलावतीत एक, दश, शतपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत आणि ही संख्या त्या शेवटच्या नावालाही ओलांडून जाते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म आणि पुढे. अल-बिरूनीने इ.स. १०००च्या सुमारास कालगणनेवरच्या आपल्या ग्रंथात ती शेवटच्या अंकापर्यंत बरोबर दिली आहे.

आता मुख्य कामाला लागू. हिचे मूळ अवयव कोणते?

शेवटी ५ आहे, म्हणजे ५ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणजे ३ने जातो, ९ने जात नाही. शाळेतल्या कसोट्या इथवरच नेतात. पुढे पट कापायचा.

पट मधोमध कापा आणि दुसरा अर्धा भाग उचलून पहिल्या अर्ध्यावर जसाच्या तसा ठेवा. पहिल्या घरावर तेहतिसावं घर येईल, दुसऱ्यावर चौतिसावं, बत्तिसाव्यावर चौसष्टावं. वरचं प्रत्येक घर खालच्या घराच्या ३२ पावलं पुढचं आहे, म्हणून त्यात खालच्यापेक्षा ४,२९,४९,६७,२९६ पट दाणे आहेत. प्रत्येक घरात, न चुकता, तेवढेच पट. मग सगळा पट म्हणजे खालचा अर्धा एकदा आणि तोच अर्धा आणखी ४,२९,४९,६७,२९६ वेळा. थोडक्यात:

पूर्ण पट = अर्धा पट × ४,२९,४९,६७,२९७

बावीस ट्रकचं उत्तर का चुकलं तेही इथे दिसतं. वरचा अर्धा भाग म्हणजे त्या अकरा ट्रकच्या चारशे एकोणतीस कोटींहून जास्त खेपा.

संख्येवर पहिला घाव बसला. आता उरलेला अर्धा पट, चार ओळी, पुन्हा कापा. तिसरी ओळ पहिलीवर, चौथी दुसरीवर. प्रत्येक घर १६ पावलं पुढे, म्हणजे ६५,५३६ पट. अवयव मिळाला ६५,५३७. दोन ओळी कापा, २५७. एक ओळ मधोमध कापा: चार घरांचे १५ दाणे आणि वर त्यांची १६ पट, म्हणजे १७. चार घरं कापा: दोन घरांचे ३ दाणे आणि वर त्यांची चौपट, म्हणजे ५. दोन घरं कापा: १ आणि २, म्हणजे ३. सहा काप, सहा अवयव:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

बीजगणितात हे दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र सहा वेळा लावणं आहे. मी ते सूत्र शाळेत घोकलं होतं. पटाची अर्धी बाजू दुसऱ्या अर्ध्यावर ठेवून पाहिल्यावर ते डोळ्यांना दिसलं. भाचीने वहीच्या चौकड्यांवर पेन्सिलीने काप मारले आणि तिसऱ्या कापानंतर माझ्या मदतीशिवाय पुढे गेली.

या सहा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. मघाशी वर्ग करत गेलो तेव्हा आलेल्या २, ४, १६, २५६ या संख्यांहून एकेकाने मोठ्या: २+१, ४+१, १६+१, २५६+१ अशा. पिएर द फर्मा हा तुलूझचा न्यायाधीश. १६४०च्या सुमारास त्याने पत्रांतून असं मत मांडलं की या रांगेतली प्रत्येक संख्या मूळ असावी. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ खरोखरच मूळ आहेत. सहाव्या संख्येच्या बाबतीत मात्र नुसता विश्वास होता. ४२९४९६७२९७ला कशाने भाग जातो हे तपासायचं तर ६५ हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या एकेक करून लावून पाहायच्या. त्या सहा हजारांच्या वर आहेत.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितीने पत्र लिहून या दाव्याकडे लिओनार्ड ऑयलरचं लक्ष वेधलं. १७३२ मध्ये ऑयलरने सांगितलं की या संख्येला ६४१ने भाग जातो. फर्माचा अंदाज पाचच पायऱ्यांनंतर कोसळला.

६४१ सापडला कसा? पुढे ऑयलरनेच सिद्ध केलं की या संख्येला भागणारी कुठलीही मूळ संख्या ६४च्या पटीहून एकने जास्तच असली पाहिजे. मग यादी एकदम आटते: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या पाचच, १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला दार उघडतं. १८७८ मध्ये एद्वार ल्युका या फ्रेंच गणितीने ही अट आणखी कडक केली. ६४च्या जागी १२८ची पट हवी, असं त्याने दाखवलं. मग ६४१च्या आधी एकट्या २५७चीच परीक्षा उरते.

भाग जातो याची खात्री मोठा भागाकार न करताही पटवता येते. ही युक्ती मी कुणालाही सांगायला कधी कंटाळत नाही. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते. एक, ५ × १२८ + १. दुसरा, ६२५ + १६.

पहिल्या रूपाने सुरुवात करू. ५ × १२८ म्हणजे ६४०, ६४१ला एक कमी. म्हणजे ६४१च्या बाकीच्या हिशेबात ही संख्या उणे एकसारखी वागते. उणे एक चार वेळा स्वतःशी गुणलं की अधिक एक. तेव्हा ५ × १२८चा चौथा घात घेतला तर ६४१ने भागून बाकी १ उरेल. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २चा २८वा घात, कारण ५चा चौथा घात ६२५ आणि १२८ म्हणजे २चा सातवा घात.

आता दुसरं रूप. ६२५ म्हणजे ६४१ला १६ कमी. म्हणून बाकीच्या हिशेबात ६२५च्या जागी उणे १६ लिहायला हरकत नाही. १६ म्हणजे २चा चौथा घात, तो २च्या २८व्या घाताला जोडला की २चा ३२वा घात. म्हणजे उणे २चा ३२वा घात आणि १ यांची बाकी सारखीच. मग २चा ३२वा घात अधिक १ घेतलं तर बाकी शून्य. आणि ती संख्या म्हणजे आपली ४२९४९६७२९७. दहा आकडी संख्येचा भागाकार न करता तिला भाग जातो हे कळलं.

भागाकार करून पाहायचाच असेल तर भागफल ६७,००,४१७ येतो आणि तो मूळ आहे. पटाची संख्या पूर्ण फुटली:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात मूळ अवयव, एकही दोनदा नाही. म्हणून हिला नेमके १२८ विभाजक आहेत. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असा सात वेळा निर्णय, आणि २चा सातवा घात १२८. दुपटीवर उभ्या राहिलेल्या संख्येच्या विभाजकांची संख्याही दुपटीतूनच येते.

यातल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाच फर्मा मूळ संख्यांचं भूमितीशी नातं आहे. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसने दाखवलं की नुसती पट्टी आणि कंपास घेऊन १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. कुठले विषम बाजूंचे सुसम बहुभुज असे काढता येतात? ज्यांच्या बाजूंची संख्या निरनिराळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असते तेच. दुसरे कुठलेही नाहीत, हे १८३७ मध्ये वांतझेलने सिद्ध केलं. आज माहीत असलेल्या फर्मा मूळ संख्या पाचच आहेत आणि त्या पाचही अर्ध्या पटाच्या पोटात आहेत. म्हणून अर्ध्या पटाच्या ४२९४९६७२९५ या संख्येचे १ सोडून जे ३१ विभाजक, तेवढेच असे बहुभुज आपल्याला ठाऊक आहेत. त्रिकोण हा सगळ्यात लहान आणि ४२९४९६७२९५ बाजूंचा तो सगळ्यात मोठा.

ल्युकाचं नाव वर आलं. त्यानेच १८८३ साली तीन खांब आणि लहान-मोठ्या चकत्यांचा 'टॉवर ऑफ हनोई' हा प्रसिद्ध खेळ आणला. काशीच्या मंदिरात ६४ सोन्याच्या चकत्या हलवण्याची जी कथा सांगतात ती त्या खेळाबरोबर फ्रान्समध्ये रचली गेली. तिथे लागणाऱ्या चालीही बरोबर आपल्या संख्येएवढ्या, कारण एक चकती वाढली की चाली दुप्पट होऊन वर एक, आणि पटावर एक घर वाढलं की एकूण दाणे दुप्पट होऊन वर एक. सेकंदाला एक चाल केली तर ५८ हजार कोटी वर्षं लागतील, विश्वाच्या आजवरच्या वयाच्या बेचाळीस पट.

आता या संख्येच्या शेजाऱ्यांकडे पाहा. एक मिळवला की २चा ६४वा घात, ज्याच्या पोटात दोनाशिवाय काहीच नाही. आणखी एक मिळवला की १८४४६७४४०७३७०९५५१६१७. शेवटच्या अंकात ५च्या जागी ७, एवढाच दिसायला फरक. ही सातवी फर्मा संख्या. हिला कापायला पट नाही, वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लागत नाही. १८८० साली फॉर्च्युने लँड्री या फ्रेंच गणितीने वयाच्या ८२व्या वर्षी ती फोडली: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. त्याआधी क्लाउसेनने १८५५ मध्ये गाउसला लिहिलेल्या पत्रात हेच अवयव दिले होते, पण ते बराच काळ कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आपली संख्या आणि ही संख्या एकाच लांबीच्या, दोनच पावलांच्या अंतरावरच्या. पहिलीचे सहा काप आठवीतली मुलगी एका दुपारी करते, दुसरीला एका म्हाताऱ्या गणितीची चिकाटी लागते. संख्या फोडायला किती अवघड हे तिच्या लांबीवर नाही, बांधणीवर ठरतं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी भाचीने विचारलं, "दोन पट शेजारी ठेवले तर?" मग घरं १२८. दुसरा पट उचलून पहिल्यावर ठेवा, नवा अवयव येतो तो नेमका लँड्रीचा. चार पट घेतले तर त्यापुढची फर्मा संख्या लागते, ती १९७०मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकावर फोडली. असं दुप्पट करत जाता येतं. पटाच्या प्रत्येक घरात एकेक पूर्ण पट ठेवला, म्हणजे चौसष्ट पट, ४०९६ घरं, तर त्या दाण्यांची संख्या बाराशेहून जास्त आकडी होते आणि तिचे सगळे मूळ अवयव आज माहीत आहेत. शेवटचा हट्टी तुकडा १९९५मध्ये ब्रेंटने फोडला. आणखी एकदा दुप्पट करून १२८ पट मांडले, की त्यांच्या दाण्यांच्या संख्येचा एक भाग अजून कुणालाही पूर्ण फोडता आलेला नाही.